पोटाखालचा पत्रा आधी, हेड नंतर

मिस्त्रीकाकांना विचारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, स. न. वि. वि. मी आणि धाकटा भाऊ दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीच्या (वाळूत चालणारी चारचाकी, क्वाड) फेऱ्या देतो. आमच्यातली सगळ्यात जुनी गाडी २००९ची आहे. ५०० सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल, कार्ब्युरेटरवाली. लोणावळ्याकडच्या एका पार्कातून सेकंडहँड घेतली. दिवाळीपासून तिने छळ मांडलाय. सकाळी बरी चालते, दुपारी तिसऱ्या-चौथ्या फेरीला इंजिन तापल्याचा लाल दिवा लागतो. रेडिएटरचा पंखा कधी फिरतो, कधी नाही, आणि तो तर गेल्या वर्षीच नवा बसवलाय. कूलंट आठवड्याला अर्धा लिटर टाकावा लागतो, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. ऑइलचंही तेच. इंजिनाच्या खालच्या अंगाला सगळं तेलकट, एअर फिल्टरच्या डब्यातसुद्धा ऑइल. भाऊ रोज सकाळी गाडी काढायच्या आधी डिपस्टिक बघतो, कमीच दिसतं, मग थोडं टाकतो. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला. त्यानंतर काही दिवसांनी ऑइलच्या टोपीखाली पांढरा फेस दिसायला लागला. दुसऱ्याने तो फेस बघून सांगितलं, हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग) गेलं, हेड उतरवू, त्यात हाफ इंजिनचं (पिस्टन, रिंगा, बोअरचं) कामही करून टाकू. सीझन तोंडावर आहे. काय करू?
— एक वाचक, दिवेआगर

उत्तर : हेड उतरवू नका. निदान अजून तरी नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सगळं इतकं व्यवस्थित लिहिलंय की अर्धं उत्तर त्यातच आहे. दुसऱ्या मिस्त्रीने ताप मोजायच्या आधीच पोट उघडायची तयारी केली. फेस दिसला की हेड गॅस्केट, हे आपल्याकडे पाठच झालंय. पण तुमचा फेस कधी आला? थर्मोस्टॅट काढल्यावर. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन नीट गरम व्हायलाच वेळ लागतो. तुमची फेरी छोटी. गिऱ्हाईक उतरलं की गाडी बंद, पुढचं येईपर्यंत उभी. वर समुद्राची दमट हवा. इंजिनात जमलेली वाफ ऑइल चांगलं तापल्याशिवाय उडत नाही, ती वरच्या थंड टोपीला लागते आणि ऑइलमध्ये मिसळून फेस होतो. तो फेस पुसा, ड्रेन बोल्ट किंचित सैल करून ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासात घ्या आणि रात्रभर ठेवा. ग्लासातलं ऑइल काळं-तपकिरी आणि साफ असेल, तर फेस फक्त टोपीपुरता आहे. सगळंच दुधाळ चहासारखं दिसलं, किंवा तळाशी पाणी वेगळं झालं, तर मात्र कूलंट आत शिरतंय आणि गाडी आणखी एक फेरीही चालवायची नाही. बेअरिंगं जातील.

आता ऑइलकडे. तुम्ही मॉडेलचं नाव दिलंय, ते इथे छापत नाही, पण त्या इंजिनाला ऑइलची टाकी वेगळी आहे. याला ड्राय संप म्हणतात. यामाहाची रॅप्टर ६६०, सुझुकीची एलटी-झेड ४०० यांचंही तसंच. अशा गाडीत रात्रभर उभं राहिल्यावर टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. म्हणून सकाळी थंड गाडीची डिपस्टिक बघितली की ऑइल कमीच दिसणार. तुमचा भाऊ मनापासून काळजी घेतोय, रोज थोडं टाकतोय, आणि गाडी सुरू झाली की पंप ते सगळं पुन्हा टाकीत आणतो. टाकी भरून वाहते. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, डब्याच्या तळाच्या नळीतून इंजिनावर ठिबकतं, आणि तुम्हाला वाटतं इंजिन लीक आहे!

मोजायची पद्धत अशी. गाडी सपाट जागेवर, फरशीवर घ्या, वाळूवर नको. इंजिन चालू करून काही मिनिटं नुसतं चालू ठेवा, बंद करा आणि लगेच डिपस्टिक बघा. ती आत पूर्ण फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे तुमच्या मॅन्युअलमध्ये असतं. तो फरकही बराच पडतो. जास्त निघालं तर काढून टाका आणि डबा, फिल्टर धुऊन घ्या. ऑइलने माखलेल्या फिल्टरमधून हवा नीट जात नाही.

हे केल्यावरही डब्यात ऑइल आलं तर ब्रीदर पाइप काढून त्यातून फुंका. आमच्या चिपळूणला उभ्या राहिलेल्या गाड्यांत कुंभारीण माशी नेमकी अशा नळ्यांत घर करते. वरून नळी छान दिसते, आत मातीचं बूच. ब्रीदर बंद झाला की इंजिनातला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि क्रँकचं सील, कव्हरचं गॅस्केट, जिथे कमजोरी असेल तिथून ऑइल ढकलतो. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून पाझरणारं इंजिन दिसलं की मी सील मागवायच्या आधी ब्रीदर बघतो. ब्रीदर मोकळा आहे आणि तरी त्यातून जोरात हवा येते, तर रिंगा झिजल्या असं धरायचं. ते तपासायची रीत पुढे सांगतो.

कूलंट जमिनीवर दिसत नाही म्हणता. दिसणार कसा? इंजिनाच्या खाली पत्रा आहे, तुमच्या गाडीला बहुतेक प्लॅस्टिकची प्लेट असेल. गेल्या कित्येक महिन्यांची वाळू तिच्यावर बसली आहे. जे काही ठिबकतं ते त्या वाळूत मुरतं. बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी प्लेट उतरवा आणि उलटी करायच्या आधी नीट बघा. वाळू कुठे काळी चिकट झाली आहे, कुठे तिच्यावर पांढरट-हिरवट खपली आली आहे. काळं म्हणजे इंजिन ऑइल. खपली म्हणजे वाळलेला कूलंट, त्याला गोडसर वास येतो. गंधकाचा, नाक मुरडावंसं वाटणारा वास आला तर ते गिअर ऑइल, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. वास घ्या, चव घेऊ नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. काढलेला कूलंट उघड्या डब्यात ठेवू नका.

मग इंजिन धुवा. डिझेल किंवा डिग्रीझर आणि ब्रश, नंतर कमी दाबाचं पाणी. कार्ब्युरेटरला आणि वायरिंगच्या जोडांना प्लॅस्टिक गुंडाळून. नीट वाळू द्या. मग संशयाच्या सगळ्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी दहा मिनिटं चालवा, प्लेट न बसवता, वाळूत न नेता. जिथून गळतं तिथली पावडर ओली होऊन रेघ पडते. ऑइल खाली येतं आणि हवेने मागे ढकललं जातं, म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. दोष तिथे असतो. खालचा ड्रेन बोल्ट बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो, पण शिक्षा त्यालाच होते. पाना लावून आवळून आवळून लोक त्याचे आटे घालवतात.

एक जागा टॉर्च घेऊन मुद्दाम बघा. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला बारीकसं भोक असतं, काडेपेटीची काडी जाईल एवढं. ते कारखान्यातूनच ठेवलेलं आहे. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक ऑइलच्या बाजूला, आणि हे भोक दोघांच्या मधल्या जागेत उघडतं. भोकातून कूलंट आला तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलकडचं, दोन्ही आलं तर दोन्ही. खाऱ्या हवेत आणि वाळूत वापरलेल्या गाडीत माझा पहिला संशय इथेच. हे भोक एम-सील लावून बंद केलेलंही मी बघितलंय. गळती थांबली म्हणून मालक खूश. पण बाहेर पडायची वाट बंद केली की पाणी दुसऱ्या सीलमधून ऑइलमध्ये शिरतं, आणि मग खरंच सगळं दुधाळ होतं. तुमच्याकडे कुणी असा उद्योग केला नाही ना, तेवढं बघा. सील बदलताना दांड्यावर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नुसतं सील टिकणार नाही, दांडाही बदलावा लागेल.

आता तापण्याकडे येऊ. ते वेगळं दुखणं आहे, गळतीशी त्याचा संबंध असेलही, नसेलही.

पंखा गेल्या वर्षी नवा बसवला म्हणता. तो उलटा तर फिरत नाही ना? दोन वायरी, तांबडी-काळी अदलाबदल झाली की पंखा फिरतो पण हवा उलटी फेकतो. तुमच्या गाडीत तो रेडिएटरच्या मागे आहे आणि त्याने पुढून हवा ओढायची आहे. वर्तमानपत्राचा तुकडा रेडिएटरच्या तोंडाशी धरा. चिकटला पाहिजे. उडून लांब गेला तर वायरी उलट्या आहेत. गाडी चालताना समोरून येणारी हवा आणि पंखा एकमेकांशी भांडत बसतात आणि इंजिन तापतं.

कधी फिरतो, कधी नाही याचं कारण किनाऱ्यावर नव्वद टक्के वेळा जोड असतो. प्लग उघडा, आत तांब्यावर हिरवा चुरा दिसेल. अर्थिंगचा स्क्रूही तसाच. आधी बॅटरीवरून थेट वायर देऊन पंखा फिरतो का बघा. फिरला तर पंखा ठीक. मग तो गाडीच्याच वायरिंगवर चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक पंख्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. रेडिएटरवरच्या स्विचला दोन वायरी असतील तर प्लग काढून त्या दोन वायरी तारेने जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय.

रेडिएटर धुताना पंख्याच्या बाजूने पुढे पाणी मारा, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्या वाटेने बाहेर पडेल. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने मारू नका, पातळ ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवेला वाटच राहत नाही. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या रेडिएटरच्या मागून टॉर्च धरा. उजेड आरपार दिसला पाहिजे.

झाकणाकडे कुणी बघत नाही. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट हे मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. तेरा पीएसआयचं झाकण नीट दाब धरत असेल तर सव्वाशेच्या आसपास. त्याचं रबर कडक होऊन चिरलं की तुमची ही सगळी शिल्लक गेली. मग कूलंट बाटलीत आणि बाटलीच्या ओव्हरफ्लो नळीतून बाहेर, तोही चालत्या गाडीत, गरम इंजिनावर. जमिनीवर थेंब कुठून दिसणार? झाकणावरचा आकडा वाचून तेवढ्याच दाबाचं नवं घ्या. आणि गरम इंजिनाचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही. वाफेने भाजलेले हात मी बघितलेत.

थर्मोस्टॅट परत बसवा. जुना तर फेकलाय, म्हणून नवा घ्या, आणि बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला लटकवून, थर्मामीटर धरून तपासा. तो ८० अंशांच्या थोडं वर उघडायला लागावा (नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो). विहिरीचं पाणी कूलंटमध्ये मिसळत असाल तर ते बंद. तुमच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळपणा असतो, आणि ते मीठ ॲल्युमिनिअम खातं. डिस्टिल्ड वॉटर घ्या, किंवा तयार मिसळलेला कूलंट. भरताना गाडीचं तोंड उंच करा, रॅम्पवर चढवा, म्हणजे रेडिएटरचं झाकण सगळ्यात वर येईल. थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट येऊ द्या. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट काढताना पाणी उतरवलं, परत भरलं, आणि हवा काढली नसेल तर आत हवेचा गोळा अडकून बसलाय. तेवढ्यानेसुद्धा लाल दिवा लागतो.

एवढं सगळं झालं आणि तरी तापते, तरी कूलंट कमी होतो, तर आता हेडचं बोलू. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचा वरचा पाइप हाताने दाबून बघा. मऊ असेल. गाडी चालू करा. मिनिटभरात, इंजिन अजून कोमट असतानाच, तो पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. पाण्याच्या वाफेला एवढ्या लवकर दाब तयार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड असताना झाकण उघडून गाडी चालू करा. सारखे, न थांबणारे बुडबुडे येत राहिले तर शंका पक्की.

खात्री हवी असेल तर शहरातल्या चांगल्या गॅरेजात लीकडाउन टेस्ट करून घ्या. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेसरची हवा सोडतात. पिस्टन बरोबर वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असावे लागतात. नसले तर क्रँकवर लावलेला पाना गर्रकन फिरून हाताला मारतो, म्हणून अननुभवी माणसाने हे करू नये. मग नुसतं ऐकायचं. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या टोपीतून म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट नाहीतर तडा. साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. या इंजिनांच्या कॅमला स्टार्टिंग सोपं करायला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर असतो, त्यामुळे धडधाकट इंजिनही गेजवर कमी दाखवतं आणि त्या आकड्यावर लोक उगाच सिलिंडर बोअर करून घेतात.

हेड उतरवावंच लागलं तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. लेथवाल्याकडे सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून सपाटी बघायला सांगा. ०.०५ मि.मी.च्या वर फट गेली तर साधारणपणे फेसिंग (घासून सपाट करणं) लागतं, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. बोल्ट टॉर्क रेंचनेच, सांगितलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने. हाफ इंजिन ‘करून टाकू’ हे मात्र नको. रिंगा गेल्याचं टेस्टमध्ये दिसलं तरच.

एक चालवण्याचं सांगतो. दोन मोठी माणसं बसवून, हाय गिअरमध्ये, भरतीरेषेच्या वरच्या मऊ कोरड्या वाळूत गाडी रेटली तर नवी गाडीही तापेल. लो गिअर टाका. टायरमध्ये मोटारसायकलएवढी हवा भरू नका, या टायरना पाच पीएसआयच्या आसपासच लागते, आकडा टायरवर किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. ओल्या घट्ट वाळूतून चालवा. तसंही हिवाळ्यात ती वरची कोरडी पट्टी कासवांच्या घरट्यांची, तिथे चाक जायलाच नको.

प्रश्न : नमस्कार. जुन्नरजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. मुलांसाठी ११० सीसीची एअर कूल छोटी क्वाड आहे, बरीच जुनी. पंधरा-वीस मिनिटांनी गरम होऊन बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. इंजिन जाम होईल का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : ताई किंवा दादा, गरम होते हे तुम्ही कशावरून ठरवलं? पत्रात त्याबद्दल काही नाही. गरम होऊन बंद पडणं आणि गरम झाल्यावर बंद पडणं यात बराच फरक आहे. बंद पडली की त्याच क्षणी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. सुईने मोकळं करा, काम संपलं. नाही सुरू झाली तर प्लग काढून स्पार्क बघा. गरम असताना स्पार्क नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर इग्निशन कॉइल, पिकअप कॉइल किंवा सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). यातलं काहीच नसेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, इंजिन पूर्ण थंड असताना. या धाटणीच्या बहुतेक आडव्या इंजिनांना ०.०५ मि.मी. गॅप लागतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कॉम्प्रेशन पडतं, आणि गाडी थंड झाल्याशिवाय उठत नाही. सिलिंडरच्या पंखांमध्ये चिखल आणि गवताचं बी भरलेलं असेल ते लाकडी काडीने काढा. आणि ऑइल. अशा इंजिनात ते लिटरभरही नसतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी फार कमी झालेलं असतं.

प्रश्न : क्वाडचा रेडिएटर बारीक गळतो. हळद टाकली की थांबतं असं ट्रकवाले सांगतात. खरं का?
— एक वाचक, खोपोली

उत्तर : थांबतं. घाटात अडकलेल्या ट्रकवाल्याला खोपोलीपर्यंत पोचवण्याइतकं नक्की थांबतं. पण हळद गळक्या जागेत बसते तशी चांगल्या नळ्यांतही बसते, आणि क्वाडच्या रेडिएटरच्या नळ्या ट्रकच्या मानाने फारच बारीक. ॲल्युमिनिअमचा रेडिएटर आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडे न्या. हळद आधीच टाकली असेल तर थर्मोस्टॅट काढून ठेवा, साध्या पाण्याने उलट्या दिशेने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा, थर्मोस्टॅट आठवणीने परत बसवा.